झाऱ्याबरोबर भेंडीही

आमच्या राहू गावच्या मामांचा अतिशहाणपणा तुम्हाला सांगितला का? गुऱ्हाळावर उकळत्या रसाची मळी काढायला त्यांनी मोटारीवर फिरणारा झारा बनवला. झारा खरंच भारी. वकीलबाईंनी पेटंटच्या अर्जात तेवढाच लिहिला, तर मामा म्हणाले, "मळी वर यावी म्हणून रसात भेंडीचं पाणी घालायचं, ते बी लिवा. माझाच शोध हाय."

"नक्की तुमचाच?" बाईंनी दोनदा विचारलं.

मी हळूच म्हणालो, "मामा, भेंडी तर समदं गाव घालतंय."

"तू गप. बाईंस्नी काय कळतंय?"

पेटंट मिळालं. पुढं शिरूरच्या एका कारखानदारानं झारा जसाच्या तसा उचलला. मामांनी पुण्यात दावा लावला. बाई म्हणाल्या, "भेंडी बाद होईल. पण ती तुम्ही स्वतःचाच शोध समजून प्रामाणिकपणे लिहिली होती असं कोर्टाला पटलं, तर झाऱ्याची नुकसानभरपाई मिळेल."

उलटतपासणीत समोरच्या वकिलानं नुसतं विचारलं, "भेंडीनं गूळ खरंच साफ होतो का हो?"

मामा तापले. "म्हंजी? आमच्या आज्यापासनं घालतोय साहेब. राहूत कुणाला बी इचारा."

वकील शांतपणे खाली बसला. भेंडी गेली, आन् तिच्यापायी झाऱ्याची भरपाईही गेली.

परतताना गाडीत मामा म्हणतात कसे, "ह्यो कायदाच लबाडांच्या बाजूचा हाय."

मी म्हणालो, "न्हाई मामा. तसा असता तर तुम्ही जिंकला असता."