भुरी पाहते तिथं

उमेंद्र : मंजू, शिडी नीट धर वं. मी पडलो त भुरीच्या आधी माहीच तेरवी करा लागन.

मंजू : तोंड बंद ठेवा, उमेंद्रभाऊ. आणि तिच्या डोळ्यांत एकटक पाहू नका. घाबरलेल्या मांजरीला तसं पाहिलं की ती आणखी घाबरते, असं डॉक्टर म्हणाला.

उमेंद्र : मी पाहीन बी, पन ते कोठी पाहून राहिली माह्याकडे? मी हात इतका लांब केला, तरी तिची नजर खालीच हाये. खाटेजवळ.

मंजू : उतरा मग. ओढून काढायची नाही तिला. अरे, सांभाळून! ताट! ताटात पाय पडेल तुमचा. माय, हे ताट असं वाटेत कोणी ठेवलं?

धुरपताबाई : मी ठेवलं. राहू दे तिथीच.

मंजू : भुरीसाठी? भात, लाखोरीची डाळ, वर झिंग्याची चटणी. इतकं तिखट मांजरीला?

उमेंद्र : अवं, हे मांजर कायचं, काकाजीचं दुसरं लेकरूच. त्यायच्या ताटातूनच जेवे. सुक्या झिंग्याचा वास आला का गोठ्यातून पळत येई. न् आता पाय कसं झालं. ताट खाली, भुरी वर छपराच्या आड्यावर. हुंगून बी नाई राहिली.

मंजू : म्हणून तर मी आले. गोंदियाच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारून आले. तो म्हणाला, अंगात दुखणं नसेल तर घरात काहीतरी बदललं असेल. नवा वास, नवा आवाज, नवं माणूस. तेवढं शोधा, म्हणाला. माय, सांग बरं, घरात काय बदललं?

धुरपताबाई : काहीच नाई बदललं. तुह्या बाबूजीची खाट तिथीच. घोंगडी तिथीच. काठी तिथीच. मी एक वस्तू हालवली नाई.

मंजू : माय, बाबूजीच गेले ना गं. याहून मोठा बदल कोणता?

उमेंद्र : नाई वं मंजू. काकाजी गेले तवा भुरी बरी होती. मौतीच्या गर्दीत लोकायच्या पायापायात हिंडे, न् रातच्याले त्यायच्याच खाटेवर निजे. हे खूळ सुरू झालं तेरवीच्या आदल्या रातीपासून. पिठाच्या रातीपासून.

मंजू : मी नव्हते त्या रात्री. पोराला ताप होता.

उमेंद्र : हं. तू दुसऱ्या दिवशी आली. आमी तांदळाचं पीठ चाळून पसरवलं, बाजूले दिवा लावला, पिठावर टोपली झाकली. कवाड लावलं न् समदे बाहेर सपरीत निजलो. सकाळी टोपली उचलली त पिठात मानसाचं पाऊल! असं साफ उमटलं होतं, का समदे म्हनत, बुडगा पुन्यवान होता, मानसाच्याच जन्माले गेला.

मंजू : ते मला आल्याआल्या सांगितलं सगळ्यांनी. भुरी कुठं होती त्या रात्री?

उमेंद्र : भुरी? डालग्याखाली. पिठात नाचन म्हून मीच पकडली, कोंबड्याच्या डालग्याखाली कोंडली न् वरतून गोटा ठेवला.

मंजू : कुठं? गोठ्यात?

उमेंद्र : गोठ्यातच नेनार होतो. पन बाहेर कुत्रे भुकून राहिले होते.

मंजू : मग?

उमेंद्र : मग काय. इथीच ठेवलं. याच खोलीत.

मंजू : दिव्याजवळ?

उमेंद्र : दिव्याजवळच. आता हे काही इचार करून केलं का मी? लोकं घाई करत होते.

मंजू : म्हणजे सगळे बाहेर, दार बंद, आणि आत एकटी भुरी. रात्रभर. अरे यार, उमेंद्रभाऊ! झालं, सापडलं कारण. कोंडून ठेवलेलं जनावर घाबरणारच की. आणि मी उगाच काय काय मनात आणत होते.

धुरपताबाई : ते ओरडली नाई.

मंजू : काय म्हणालीस?

धुरपताबाई : कोंडलेलं मांजर ओरडते. डालगं ओरबाडते. हे रातभर चूप होती. मी जागीच होती ना कवाडापाशी. पहाटेच्या पहारी एक डाव गुरगुरली. तशी गुरगुर मी जलमात आयकली नाई.

उमेंद्र : काकी, आता सांज होऊन राहिली, असं नोको बोलू बाप्पा.

मंजू : माय, थकली होतीस तू. ऐक माझं. मी झाकणाची टोपली आणली आहे, आत जुनी ओढणी अंथरली आहे. भुरीला थोडे दिवस गोंदियाला नेते. तिथं शांत खोली आहे, डॉक्टर जवळ आहे. ती खायला लागली की आणून सोडते परत. मांजर असं उपाशी राहिलं तर आतून खलास होतं, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं.

धुरपताबाई : नाई.

मंजू : का पण?

धुरपताबाई : नाई म्हनली ना. भुरी कोठी जात नाई.

मंजू : माय, ती मरेल इथं! बाबूजींची मांजर आहे ती. स्वतःच्या हातानं बोळ्यानं दूध पाजून वाढवली त्यांनी. ती मेली तर तुला चालेल?

धुरपताबाई : मले काहीच चालत नाई, बाई. मले तुहे बाबूजी गेले ते बी चाललं नाई. कोनी इचारलं का मले?

उमेंद्र : काकी, मी एक इचारू? हे ताट. काल मी आलो तवा ताट न्हानीपाशी होतं. परवा चुलीपाशी. आज खाटेपाशी. मांजर त वरून उतरत नाई. मग तू ताट कोनासाठी फिरवून राहिली?

धुरपताबाई : ज्यायचं हाये त्यायच्यासाठी.

मंजू : माय?

धुरपताबाई : भुरी जिथी पाहते, तिथी मी ताट ठेवतो. चुलीकडे पाहून फुसफुसली त चुलीपाशी. न्हानीकडे पाहून केस उभे केले त न्हानीपाशी. सकाळपासून ते खाटेकडे पाहून राहिली, म्हून खाटेपाशी. मले त काही दिसत नाई. माहे डोळे बुडगे झाले. पन तिले दिसते. तू मांजर नेली, मंजू, त मले कसं समजन ते कोठी बसले?

मंजू : अगं माय… असं काय बोलतेस गं.

धुरपताबाई : उमेंद्र, ते पाऊल तू पाहिलं होतं ना? समद्यायनं पाहिलं, मानसाचं हाये. खुश झाले न् जेवाले बसले. बोटं कोनीकडे होते, ते कोनी पाहिलं?

उमेंद्र : बोटं…

धुरपताबाई : सांग ना आता.

उमेंद्र : आत. खाटेकडे.

धुरपताबाई : जानाऱ्या मानसाचे बोटं कवाडाकडे असतात. ते गेलेच नाई, मंजू. वापस आले.

मंजू : पीठ आहे ते, माय! टोपली टेकली असेल, पाल फिरली असेल, एखाद्याचा हात लागला असेल. लोकांना पाहायचं होतं म्हणून त्यांना पाऊल दिसलं. तू पण ना… भाऊ, तुम्ही तरी सांगा हिला.

उमेंद्र : मी काय सांगू? मंजू, भुरीची नजर फिरली पाय. आता ते माह्याकडे पाहून राहिली.

धुरपताबाई : तुह्याकडे नाई. तुह्या बाजूले. जरा सरक, त्यायले बसू दे.

उमेंद्र : माय गं! काकी, अशी मजाक नोको करत जाऊ!

मंजू : तुम्ही घाबरून शिडीवर काय चढताय? उतरा, भाऊ! तिला वाटतंय तुम्ही परत पकडायला आलात. बघा, मागं सरकतेय ती. भुरी, भुरी, थांब गं. तिकडं आडं संपतं. भाऊ, ती पाय सोडतेय, धरा! धरा!

(मांजर खाली पडल्याचा आवाज. काही भांडी कलंडतात.)

उमेंद्र : धरली! घोंगडीवर पडली. जिती हाये, जिती हाये. पन हे काय वं, मंजू? वजनच नाई. निस्ते हाडं न् केस.

मंजू : इकडे द्या. भुरी… भुरे, माझ्याकडे बघ. किती धडधडतंय हिचं काळीज. माय, हात लाव. हात लाव एकदा. बघ तू काय केलंस हिचं.

धुरपताबाई : आन इकडे. आगं बाई. आगं माही बाई. इतकी वाळली तू? मले खालून समजलंच नाई. मी निस्ते तुहे डोळे पाहत राहिली. पोट पाहिलंच नाई.

मंजू : आता तरी नेऊ दे मला.

धुरपताबाई : थांब. उमेंद्र, कवाड उघड. पुरं उघड. दोनी फळ्या.

उमेंद्र : उघडलं, काकी.

धुरपताबाई : न् तू उंबऱ्यापाशी उभा नोको राहू, वाटेतून हट. हं. आयकून राहिले का? तुमाले बोलतो मी. खाट जशीच्या तशी हाये, घोंगडी धुतली बी नाई, तुमच्या वासाची हाये. ताट रोज वाढलं. सुनं वाटू दिलं नाई तुमाले. मले बी सुनं वाटलं नाई, खरं सांगतो. रातच्याले बरं वाटे, का ते हायेत इथीच कोठीतरी. पन हे पाहा. पाहा हिच्याकडे. तुमच्या ताटातला पयला घास हिचा होता. आता तुमच्याच भेवानं हे अन्नाले तोंड लावून नाई राहिली. तुमची भुरी तुमालेच भेते, हे बरं दिसते का? मी नाई भेत तुमाले. मी जलमभर भेली नाई त आता काय भेईन. पन ते मुकं जनावर हाये. मरन ते. मरू देनार का तिले? जा आता. जिथी जा वाटते तिथी जा. माही काळजी नोका करू. शेजारी उमेंद्र हाये, फोनवर मंजू हाये. कवाड उघडं हाये. जा.

मंजू : माय…

धुरपताबाई : चूप. बोलू नोको.

उमेंद्र : काकी. भुरीनं मान उचलली.

धुरपताबाई : दिसते मले.

उमेंद्र : तुह्या मांडीवरून उतरली. ताटाकडे जाऊन राहिली. मंजू, खाऊन राहिली वं ते! झिंगे खाऊन राहिली!

धुरपताबाई : खा, बाई. समदं खा. आजपासून पुरं ताट तुहं.

मंजू : थोडं थोडं द्या, उपाशी पोटी एकदम नको. अरे देवा. मी का रडतेय? भाऊ, हसू नका.

उमेंद्र : हसून नाई राहिलो. माहे बी डोळे गळून राहिले.

मंजू : डॉक्टर म्हणालाच होता, शांतपणे बसा तिच्याजवळ, हळू आवाजात बोला. माय बोलली, ती शांत झाली. एवढंच आहे ते. पण माय, तू बोलत होतीस ना, तेव्हा मला पण वाटलं, आपण पण काहीतरी सांगावं त्यांना. माझं घर पाहायला येतो, येतो म्हणत राहिले. पडदे लावून झाले की बोलाव, म्हणाले. पडदे लागले, आणि ते…

धुरपताबाई : लय मन होतं त्यायचं. गोंदियाच्या मानसाले इचारत, मंजूचं घर कोन्या रस्त्यानं हाये.

मंजू : मग यायचं ना! स्कूटी घेऊन दारात उभी राहिले होते मी. बसले पण एकदा. नाक्यापर्यंत गेलो नाही तर माझा खांदा असा आवळला, आणि ओरडायला लागले, उतरव मले, उतरव मले! गेले चालत परत.

उमेंद्र : न् पुऱ्या गावाले सांगत फिरले, पोरगी वाऱ्यावानी गाडी पळवते म्हून. वाघाले भेले नसते काकाजी, त्या स्कूटीले भेले.

मंजू : हो ना. बरं, निघते मी. अंधार पडायच्या आत पोहोचायला हवं. टोपली इथंच ठेवते, भुरीला लपायला जागा होईल. तिच्या खायची जागा आता एकच ठेव, माय. रोज तिथंच. ताट फिरवायचं नाही.

धुरपताबाई : आता कायले फिरवू?

मंजू : रविवारी येते. जाते गं, भुरे. अरे? काय झालं हिला?

उमेंद्र : ताट सोडलं. काकीच्या पदरामागं गेली. शेपूट फुगली पाय. मंजू, तुह्याकडे पाहून राहिली.

मंजू : हेल्मेट घातलं ना मी, म्हणून. माझ्या डोक्यावर हे काय आलं एकदम, असं वाटलं असेल तिला. माय, घे तिला उचलून. चला, निघते.

(अंगणात स्कूटी सुरू होते.)

उमेंद्र : मंजू, थांब जरा. मागच्या चाकात हवा कमी हाये का? गाडी मागून दबल्यावानी दिसते.

मंजू : आजच भरली, भाऊ. काय तुम्ही पण, निघताना टोकता. माय, दारात उभी राहून अशी काय पाहतेस? रडू नको ना. येते मी परत.

धुरपताबाई : रडून नाई राहिली, बाई. भुरी बी आली पायापाशी, जेवाले मांगून राहिली. तू फक्त गाडी हळू चालवजो. मागं बसून त्यायले भेव लागते.