कुंपणावरचं काटवल

पुष्पाबाई — दिवेलागणी झाली, शामकला. बाडीत कंदील कायले नेला? कंट्रोलचं रॉकेल आहे ते.

शामकला — काटवलाचं फूल याच वेळेले उमलते, सासूबाई. विझवतोच लवकर.

पुष्पाबाई — उमलून काय करन? बारके काटवल सारे पिवळे पडून गळतात. वेलच वांझ निघाले.

शामकला — वांझ तर मागच्या साली उपटले ना तुमच्या पोरानं? कंदासकट.

दुधराम — फळ धरत नोहते ते. माय म्हने, जागा कायले अडवाची.

शामकला — त्यायच्या फुलाखाली काय होतं?

दुधराम — काही नाही. नुसती दांडी.

शामकला — अन् हे पाहा. फुलाखाली इवलंसं काटवल, काट्यासकट. हे मादीफूल. तुमी उपटले ते नर होते. सारेच्या सारे.

पुष्पाबाई — वेलात कुठं नर-मादी रायते वो?

शामकला — आमच्या माहेरी, चिचगडले रायते. कुंपणावर एक तरी नर ठेवतात. त्याले कोनी वांझ नाही म्हनत.

दुधराम — मंग आता?

शामकला — तलावाच्या पाळीवरून रानातल्या काटवलाचं नरफूल आनलं. त्याचा पिवळा भुरका या फुलाच्या मधोमध लावाचा. कंदील धरा.

दुधराम — तू धर. मी लावतो.

शामकला — हळू. नांगर नोहे तो.

पुष्पाबाई — आयतवारी देवरीचे पाहुने पोरगी दाखवाले येऊन राहिले, अन् हा फुलं खेळवून राहिला! इतके साल झाले, घरात पाळना नाही.

दुधराम — शेजारच्या उदारामच्या हातानं निरोप धाडला, माय. येऊ नोका म्हनून.

पुष्पाबाई — काऊन?

दुधराम — वेल उपटाच्या आधी पाहून घेतलं नोहतं मी. आता पाहीन. गोंदियाले जातो, डाक्तरले दाखवाले.

पुष्पाबाई — हिले नेतं का?

दुधराम — मलेच दाखवतो. आधी मले.

शामकला — लावा नीट. कंदील मी जवळ धरतो.

(आयतवार, सांज.)

पुष्पाबाई — दुधराम गोंदियाहून आला नाही अजून?

शामकला — गाडी सौंदडलेच सोडते, तेथून पायी यावं लागते. येतील.

पुष्पाबाई — बकरी मी गोठ्यामांगं बांधली. कुंपणाकडं तोंड घालत होती.

शामकला — पाहिलं, सासूबाई.

पुष्पाबाई — अन् ते काटवल?

शामकला — सकाळी तरी हिरवंच होतं.