कुलुपातला वायफाय

…आणि पडलेला माणूस उठायच्या आत धर्मराज त्यालाच विचारणार, "वायर तुटली नाय ना?" म्हणजे तुमचा गुडघा गेला तरी चालेल, वायर शाबूत पाहिजे. तुम्हाला सांगतो, खांदा कॉलनीतल्या त्या घरात वायरीत पाय अडकला नाही असा पाहुणाच नाही. खाली धर्मराज घरतचं ऑफिस, डंपर आणि पोकलेन भाड्याने देण्याचं, आणि वर घर. इंटरनेटची लाईन ऑफिसात यायची, तिथून एक वायर टेबलाखालून कॉम्प्युटरला, एक प्रिंटरला, आणि एक खिडकीतून बाहेर, भिंतीवरून लोंबकळत वर गॅलरीत, गॅलरीतून पॅसेजमध्ये… आणि पॅसेजमध्ये खलास. तिथेच का? तर तिथे वायर संपली म्हणून.

कोणी काही सुचवलं की याचं ठरलेलं. "डोल्यांनी वायर दिसली पायजे. जी वस्तू दिसत नाय तिचा भरवसा काय?"

बरं, माणूस साधासुधा नाही. गव्हाणकडच्या मिठागरात बापाबरोबर मीठ ओढलेला, जमीन सरकारने घेतल्यावर मिळालेल्या पैशात एक डंपर घेऊन त्याचे सात केलेला. आजवर जे केलं ते जमलं, त्यामुळे जे केलेलं नाही तेही आपल्याला येतंच, अशी पक्की खात्री.

आणि त्या पॅसेजच्या टोकाला, चपलांच्या स्टँडशेजारी स्टुलावर बसून त्याची बायको सुमती बीए करत होती. दहावी झाली, लग्न झालं, आणि मग एकदम अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक उघडलं. तीन वर्षं लॅपटॉप मांडीवर, शिकवणारे सर लॅपटॉपमध्ये, आणि येणारा-जाणारा पायताण काढतोय हिच्या अंगावर. शेवटचा प्रकल्प मिठागरात राबणाऱ्या बायकांवर, आणि त्याची तोंडी परीक्षा व्हिडिओवर.

त्यांची मुलगी वल्लरी, तिचं कंपनीचं काम घरूनच चालतं, ती म्हणाली, "पप्पा, आई काय चपलांत बसून परीक्षा देणार? मी वायफायचा डबा आणलाय. बाहेरची लाईन फक्त या डब्यात घालायची, पुढे डबाच लाटा सोडतो, रेडिओसारख्या. मग स्वयंपाकघरात बसा, गच्चीवर बसा, ऑफिसातला प्रिंटरसुद्धा बिनवायरीचा चालेल. फक्त डबा उंचावर ठेवायचा, मोकळ्यावर, घराच्या मध्यावर."

धर्मराजने ऐकलं. अगदी मान डोलावून ऐकलं. आणि डबा नेऊन ठेवला कुठे, तर ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. मागून ड्रिलने भोक पाडून वायरी आत घेतल्या, दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली कमरेला. "म्हागाची वस्तू हाय. कोनी नेली तर?"

वल्लरी म्हणाली, "पप्पा, लोखंड लाटा अडवतं."

"लोखंडाचं मना सांगू नको. सात डंपर हायत माझे."

शेवटी सुमतीच म्हणाली, "राहू दे गं. माझं स्टूल आहे ना."

आता लोखंडातून लाटा काय कपाळ बाहेर येणार? वर वायफायचा एक ठिपका दिसायचा, तोही दया आल्यासारखा. तर याने घरातल्या लँडलाईनवरून इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाज, "सर, राउटर कुठे ठेवलाय?" "एकदम सेफ जागी." "सर, जागा मोकळी आहे ना?" "मॅडम, आमचं घर मोठं हाय, सगलं मोकलंच." फोन ठेवून बायकोकडे वळून म्हणतो कसा, "बघलास? तिच्याकडं बी उत्तर नाय. वायर दिसली पायजे."

परीक्षा अकराची. पावणेअकराला सुमती इस्त्रीची साडी नेसून स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप, हातात टिपणं. आणि खाली, ऑफिससमोर, धर्मराजच्याच डंपरचा ड्रायव्हर जगन, त्याला नेमका तेव्हाच हौदा धुवायचा होता, त्याने हौदा वर केला… वर केला… भिंतीवरची लोंबकळती वायर हौद्याच्या कडेत अडकली आणि तट्कन गेली. वायर दिसत होती हो, सगळ्या गल्लीला दिसत होती, रस्त्यावर पडलेली.

वर लॅपटॉपवर चक्र फिरायला लागलं. मोबाइल म्हणाल, तर समोरची इमारत उभी राहिल्यापासून घरात रेंज नाही. सुमतीने टिपणं मिटली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पुढल्या वर्षी देईन."

ती ओरडली असती तर धर्मराज उलटा ओरडला असता. पण हे ऐकलं आणि तो जिना उतरला, छप्पन्न वर्षांचा माणूस, दोन-दोन पायऱ्या. खालची लाईन शाबूत होती, पण ऑफिसात गिऱ्हाइकं आणि दारात डंपरची घरघर, तिथे बसून परीक्षा कसली! कुलूप उघडलं, डबा बाहेर काढला आणि म्हणाला, "वल्लरी, कुठं ठेवू, तू सांग." त्या घरात हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं.

जिन्याच्या मधल्या टप्प्यापर्यंत लाईनची वायर पोचली, विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड पोचला. पण तिथे ना फळी, ना खिळा. तेव्हा धर्मराजने डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. वर लॅपटॉपमध्ये सगळ्या रेघा भरल्या. अकराला दोन मिनिटं कमी.

पंचवीस मिनिटं तो उभा होता. दंड भरून आले, घाम कानामागून मानेत, आणि हलायची सोय नाही. वरून बायकोचा आवाज येत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात सुमती सलग पंचवीस मिनिटं बोललेली त्याने ऐकलीच नव्हती. ती खाऱ्या पाण्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांचं सांगत होती, आपल्या आईच्या टाचांच्या भेगांचं, त्या भेगांत मेण भरून आई पुन्हा कामावर कशी जायची त्याचं. मग परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही स्वतः शिक्षण मध्येच का सोडलंत?"

जिन्यात धर्मराजने मान वर केली.

"लग्न झालं," ती म्हणाली. "पुढे शिकायचंय का, असं कुणी विचारलं नाही." आणि जरा थांबून, "मीही बोलले नाही, सर."

डबा हलला. वल्लरी कुजबुजली, "पप्पा, हात दुखतायत का?"

"हात नाय," तो म्हणाला.

सुमती पहिल्या वर्गात पास झाली. धर्मराजने त्याच आठवड्यात जिन्यात स्वतः फळी ठोकली, गच्चीजवळ दुसरा डबा बसवला, गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं, आपलं वेगळं, म्हणजे गिऱ्हाइकाने पासवर्ड मागितला तरी घरात कुणी डोकावणार नाही. वर बसून बटण दाबलं की खाली प्रिंटरमधून कागद बाहेर. आणि आता कॉलनीभर हाच सांगत फिरतो, "डबा उंच ठेवा, मोकला ठेवा, मध्यावर ठेवा. वायर कशाला दिसायला पायजे?" अगदी त्याच खात्रीने, जसा काही शोध यानेच लावला.

सुमतीने एमएला नाव घातलंय. कधी खिडकीपाशी बसते, कधी झोपाळ्यावर, कधी गच्चीत, आणि वर्ग चालू असताना कुणी हाक मारायची नाही. चहा हवा असला तर धर्मराज खालून मेसेज टाकतो. मेसेज एका सेकंदात वर पोचतो. उत्तरही एका सेकंदात येतं, "दूध फ्रीजमध्ये आहे. माझाही टाका."

मग काय करतो… उठतो बापडा.