बाकावरच्या मुलीच्या ओळखीबद्दल दुसरा जबाब

नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहून दिला आहे. वय त्रेपन्न, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम.

समक्ष हजर राहून मी माझ्या हाताने लिहून देते की, आज सकाळी याच ठाण्यात माझा एक जबाब झाला. तो हवालदारांनी लिहिला व त्यावर माझी सही आहे. त्यात "बाकावर बसवलेली मुलगी माझी नाही" असे वाक्य आहे. ते चुकीचे आहे. ती माझी मुलगी आहे. तिला आता मोठ्या दवाखान्यात नेले आहे. गाडीत एकाच माणसाची जागा होती, ती महिला शिपायाला दिली. अंमलदारसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही आधी नाही म्हणालात, आता हो म्हणताय. का ते नीट लिहून द्या, नाहीतर पोरीवरचा तोतयेगिरीचा ठपका निघायचा नाही." म्हणून लिहीत आहे. घरचा जमाखर्च मी रोज लिहिते, माझे अक्षर लागते.

माझ्या मुलीला बदाम, अक्रोड अशा जिनसांची ॲलर्जी आहे. शाळेच्या नाटकात तिचे ओठ रंगवले होते, तेव्हा प्रथम कळले. काम राणीचे होते. दुसऱ्या प्रवेशाला ती आली तेव्हा ओठ इतके सुजले होते की लोकांना वाटले विदूषक आला, आणि टाळ्या पडल्या. कातडीच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले की, ओठांना लावलेले निम्मे पोटात जाते, त्यामुळे त्यात असल्या तेलाचा थेंब असला तरी पुरतो. तेव्हापासून आमच्याकडे ओठांना लावायला एकच पांढरी, बिनवासाची डबी येते. तिची मावशी ओठ रंगवून आली की आधी रुमालाने पुसते, मग भाचीचा पापा घेते. मुलगी मैत्रिणींचा उष्टा पेलासुद्धा तोंडाला लावत नाही. तिच्या पिशवीत जाड पेनासारखे एक इंजेक्शन कायम असते. जीभ जड झाली की ते मांडीत टोचायचे, कपड्यावरून चालते. डॉक्टरांनी आम्हां दोघींना ते संत्र्यावर टोचायला शिकवले. ते संत्रे फेकावे लागले याची मला तेव्हा हळहळ वाटली होती.

मागच्या आठवड्यात डबी संपली. कोपऱ्यावरच्या दुकानात तशीच पांढरी डबी, पण मोठी आणि स्वस्त, मिळत होती. दुकानदार म्हणाला, "काकू, तीच आहे ही, फक्त कपडे बदललेत." घरात नवीन काही आले की आधी चार दिवस मी स्वतः लावून बघते, मगच मुलीला देते. हा माझा नेम आहे. मुलगी म्हणते, "आई, ॲलर्जी मला आहे. तुला काही झालं नाही म्हणून मलाही होणार नाही, हा कुठला हिशेब?" मी म्हणते, "माझ्या रक्तामांसाची आहेस, हाच हिशेब." यावर ती हसून सोडून देते. ही डबीही मी चार दिवस लावली. मला काही झाले नाही. उलट ओठ मऊ पडले.

आज तिची कारकुनाच्या जागेसाठी परीक्षा होती. जागरणाने तिचे ओठ फुटून रक्त येत होते. देवाला नमस्कार करून ती निघाली तेव्हा मी डबी तिच्या हातात दिली. एरवी ती डबीवरचे बारीक अक्षर स्वतः वाचते. आज बस चुकेल म्हणून तिने पायात चप्पल घालता घालता विचारले, "वाचलंस ना सगळं?" मी हो म्हटले. जेवढे दिसत होते तेवढे मी वाचले होते.

यापुढचे मला ठाण्यात समजले ते असे. तिने बसमध्ये ओठांना डबीतले लावले असावे; परीक्षेच्या रांगेत पुन्हा लावताना दारावरच्या माणसाने पाहिले. तपासणीच्या टेबलाशी पोहोचेपर्यंत ओठ व डोळे सुजून बंद होत आले होते. प्रवेशपत्रावरचा फोटो जुळेना. पर्यवेक्षक म्हणाले, "हा फोटो तुमचा, मग आमचे डोळे काय आम्ही गहाण टाकलेत?" तिला नीट बोलता येईना. ती दारावर जमा केलेल्या पिशवीकडे बोट दाखवू लागली. दारावरच्या माणसाने पिशवी उघडली तर आत ती इंजेक्शनची नळी. कॉपीचे यंत्र आहे असा संशय येऊन पिशवी मोहर लावून बंद केली व पिशवीसह मुलीला इथे आणले. प्रवेशपत्रावर घरचा नंबर होता, म्हणून मला बोलावणे आले. फोनवर एवढेच सांगितले की, तुमच्या मुलीच्या नावावर दुसरीच कोणी परीक्षेला आली आहे, ओळख पटवायला या. तिचे बाबा पहिल्या पाळीला कारखान्यात होते. मी एकटी आले.

हवालदारांनी मला आतल्या खोलीच्या दारात उभे केले. बाकावर एक मुलगी होती. अंगावर कोणाची तरी चादर होती. यंत्र शोधायला वेणी सोडलेली होती, त्यामुळे केस तोंडावर. चेहरा सुजून गोल, डोळ्यांच्या जागी दोन रेघा, ओठ उलटे झालेले. माझ्याकडे वळून तिने घशातून आवाज काढला. तो शब्द नव्हता. हवालदार म्हणाले, "नीट बघा बाई, घाई नाही." मी बघितले व म्हणाले, "नाही, ही माझी नाही." त्यांनी लिहून घेतले. मी सही केली. मनात देवाचे आभारही मानले, की हे आपल्या घरावरचे नव्हे.

तो बाक दारापासून लांब नाही. माझे बोलणे तिला ऐकू गेले असावे. तिने आवाज काढणे थांबवले.

मी बाहेर येऊन बसले. ही माझी नव्हे तर माझी कुठे आहे, ही भीती मग सुरू झाली. हवालदार म्हणाले, "येईल पेपर संपवून, तुम्ही घरी जा." पण आतल्या पोरीचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता, चाळणीतून वारा काढावा तसा. मी म्हणाले, "भाऊ, तिला बरं नाही दिसत. कोणाचं तरी लेकरू आहे, पाणी देऊ का?" ते म्हणाले, "द्या. सकाळपासून नाटकं चाललीत तिची." मी माझी बाटली घेऊन आत गेले.

बाटली पुढे केली. तिने घेतली नाही. मला तिचा डावा हात दिसला. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता, अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करून.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना झोक्यावरून पडून तिचा उजवा हात मोडला होता. प्लास्टर घालताना ती घाबरली, तेव्हा मी तिला देवाचे नाव बोटांवर मोजायला शिकवले. मोकळा हात डावा होता, म्हणून डाव्यावर. पुढे हात बरा झाला तरी ती डाव्यावरच मोजते. जप उजव्या हाताने करतात असे तिच्या आत्याने टोकले, तेव्हा ती म्हणाली होती, "आत्या, देव काय वाहतूक पोलीस आहे का, डावी-उजवी बघायला?" डाव्या हाताने मोजणारी दुसरी मुलगी मी पाहिलेली नाही.

मी तिला हाक मारली. तिने अंगठा थांबवला नाही. मान मात्र डोलावली.

मी ओरडले असे हवालदार सांगतात. मला आठवते ते हे की, मी पिशवी मागितली. ते म्हणाले, "मोहर आहे, पंच आल्याशिवाय उघडता येत नाही. आणि आत्ताच तुम्ही लिहून दिलंत की ही तुमची नाही, मग पिशवी तुमची कशी?" मी त्यांचे पाय धरले. आवाजाने अंमलदारसाहेब आले. त्यांनी तिच्या ओठांकडे बघितले. ओठ निळे पडत होते. ते म्हणाले, "राहू दे तो पंचनामा," आणि पिशवीवरची मोहरेची दोरी स्वतः कापली. इंजेक्शन मी टोचले. मांडीत, कपड्यावरून, धरून ठेवून. संत्र्याला असते तशी साल माणसाला नसते. तिचा पाय एकदा झटकला. साहेबांनी गाडी बोलावली होती, ती तिला घेऊन गेली.

पिशवीत ती डबीही होती. तिच्या बुडाला कमी केलेल्या किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. मी ती इथे बसून नखाने काढली. खाली बारीक अक्षरात गोड्या बदामाचे तेल लिहिलेले आहे. विकत घेताना मी चिठ्ठी वाचली होती. डबी साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. इंजेक्शनच्या नळीवरही औषधाचे नाव छापलेले आहे, ते दारावरच्या माणसाने वाचले नाही. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. दुकानदाराविरुद्धही नाही. हवालदारांनी मला विचारले होते, आणि नीट बघायलाही सांगितले होते.

पहिला कागद फाडून टाकावा अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, ठाण्यातला कागद फाडता येत नाही, दोन्ही एकत्र टाचले जातील. म्हणजे तो राहणार. उद्या कोणी फाईल उघडली तर आधी तो वाचला जाईल.

इथपर्यंत लिहिले असताना दवाखान्यातून महिला शिपायाचा फोन आला. साहेबांनी तो माझ्या कानाला लावला. ती म्हणाली, "मावशी, दुसरं इंजेक्शन दिलंय. सूज अजून आहे, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस बघावं लागेल. तिला बोलता येत नाही, पण ऐकू येतंय. तिचे बाबा वाटेत आहेत. फोन तिच्याजवळ धरते, काय बोलायचं ते बोला." मी "मी आई" एवढेच म्हणू शकले. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मध्ये घरघर होती, आणि एका श्वासानंतर दुसरा यायला उशीर लागला की मी खुर्चीवरून उठत होते. मग फोनवर टकटक झाली. एक, थांबून दुसरी, थांबून तिसरी. ती बोटाने मोजत होती. मीही इकडून टेबलावर मोजले, तिला ऐकू जाईल असे.

तो श्वास माझ्या मुलीचा आहे, हे मी चेहरा न बघता ओळखले आहे. हे जबाबात घ्यावे.

वरील मजकूर अंमलदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी लिहिला तसाच आहे व खरा आहे. सोबत टाचलेल्या पहिल्या जबाबात व यात जिथे फरक दिसेल, तिथे हाच धरावा. सही करून मी दवाखान्यात जात आहे.