होळकर पुलावरचा माझा वर्ग

हाताला प्लास्टर कसलं, म्हणून विचारताय ना? शिकवायची खोड, दुसरं काय! आमचा होणारा जावई वाघोलीहून आला होता. तो सिव्हिल इंजिनिअर, पण मीच त्याला होळकर पुलावर नेऊन बांधकाम शिकवायला लागलो. म्हटलं, "तुमचे हल्लीचे पूल राहू द्या. हा दगड बघा, ठोकला तरी ढिम्म हलत नाही!" आणि कठड्यावर दाणकन हात आपटला. दगड खरंच हलला नाही. मनगट मात्र मोडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक्स-रे बघत विचारलं, "पुलाला काही झालं नाही ना?"

जावई अगदी गंभीरपणे म्हणाला, "नाही डॉक्टर. मी खाली उतरून सगळ्या कमानी बघून आलो."