परत विचारतील

माझं गाव पाचोड, पैठण तालुक्यातलं, अन् तिथल्या आठवडी बाजारात कुणालाबी विचारलं तर तो अण्णांचं घर दाखवायचा, अण्णा म्हणजे माझे वडील. आता तुम्ही म्हणाल लई मोठे जमीनदार होते का, तर तसलं काही नाय, बेताची जमीन, पण दारातून कुणी उपाशी गेलं नाय म्हणून नाव होतं. अण्णा निजामाच्या राजवटीत शिकलेले, सगळं उर्दूत, पोलीस अ‍ॅक्शन झाली अन् शाळा मराठी झाल्या तवर ते शाळेतून बाहेर पडले होते, म्हणून बोलणं मराठीत अन् राग उर्दूत असं त्यांचं. चिडले की नामाकूल म्हणायचे. ते ऐकून ऐकून आम्हा लेकरांच्या कानाला उर्दू लागली, ती मला पुढं परमुलखात लई कामाला आली, पण ते मागून सांगते, आधी जेवणाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

आमच्याकडं पाहुणा आला की माय म्हणायची, हातपाय धुवा, ताट वाढते. पाहुणा म्हणणार, नको नको, आत्ताच जेवून निघालो. आता तो कुठून जेवून निघणार, उन्हातून चालत आलेला माणूस, तोंड सुकलेलं. माय परत म्हणायची, दोन घास खा की. तो म्हणायचा, कशाला उगं तरास. मग अण्णा ओसरीवरून म्हणायचे, अहो बसा, का आमच्या घरचं चालत नाय तुम्हाला, की मग तो पागोटं काढून ठेवायचा अन् पोटभर जेवायचा. अशी रीत. पहिल्याच खेपेला व्हय म्हणलं तर माणूस हावरट, अन् पहिल्या नकोला ताट आत नेलं तर घर कद्रू. हे कुणी बसवून शिकवलं नाय आम्हाला, चालायला शिकलो तसं शिकलो.

दहावीनंतर मी औरंगाबादला मामाकडं आले, आता संभाजीनगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात जुनंच येतं. मामा हर्सूलला राहायचे. कॉलेज झालं अन् अजिंठा-वेरूळ बघायला येणाऱ्या गोऱ्या लोकांसाठीचं एक हॉटेल होतं तिथं मला काम लागलं, मागच्या दारानं जे कामगार येतात त्यांची हजेरी घ्यायची. काय दिवस होते सांगू! सकाळी सकाळी सगळे त्या दारानं यायचे, माळी, आचारी, झाडूवाल्या मावश्या, अन् मी एकेकाला नावानं हाक मारायची, कुणाचं पोरगं आजारी, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं मला ठाव. मला माणसं लागतात हो, पहिल्यापासून. मग लग्न झालं, आमच्या ह्यांचं क्रांती चौकात फ्रीज दुरुस्तीचं काम होतं, त्यांना मस्कतला नोकरी लागली अन् मीबी गेले. माय वेशीपर्यंत आली अन् म्हणाली, उपाशी राहू नको तिकडं.

मस्कतला यांच्याच ओळखीनं एका मोठ्या हॉटेलात काम मिळालं, युनिफॉर्म खोलीत. सगळ्या कामगारांचे कपडे तिथं धुऊन इस्त्री होऊन यायचे अन् मी खिडकीतून एकेकाला द्यायची. मलबारी, नेपाळी, फिलिपिनो, लाहोरकडचे, आपले हैदराबादचे. मी उर्दू बोलले की लाहोरवाले मला बाजी म्हणजे ताई म्हणायचे, बाजी, ये कहाँ से सीखी, मी म्हणायची, पाचोडसे. त्यांना वाटायचं पाचोड म्हणजे काहीतरी लखनौसारखं असंल. पण बसायला खुर्ची नव्हती बरं का, दिवसभर उभं, अन् समोरच्या बाजूला काचेचं ऑफिस, तवा त्याला पर्सोनेल म्हणायचे, आता एचआर म्हणतात, म्हणजे माणसं कामावर घ्यायची, त्यांच्या रजा, आजारपणं, भांडणं, सगळं बघायचं. मी खिडकीतून त्या काचेकडं बघायची अन् मनात म्हणायची, हे माझं काम हाय, मी इकडं इस्त्रीच्या वाफेत काय करायली?

तिथली मोठी बाई आयर्लंडची, मोरीन मॅडम, उंच, मोठ्यानं हसणारी. एक दिवस तिनं मला बोलावलं. म्हणाली, कामगार तुझ्याशी बोलतात ते मी बघते, माझ्या ऑफिसात असिस्टंटची जागा हाय, तुला आवडंल का. काय सांगू तुम्हाला, हेच तर मला पाहिजे होतं, अन् तोंडातून काय निघावं, नको मॅडम, मला कुठलं जमतंय, दुसरं कुणी बघा. अन् मान खाली घालून थांबले. ती म्हणाली, ओके, खरं सांगितलंस, थँक यू. उठली अन् दार उघडून धरलं.

मी काय केलं असंल? घरी जाऊन शिरा केला. आमचे हे आले, म्हणाले शिरा कशाबद्दल, मी म्हणलं मला ऑफिसात जागा मिळायली. म्हणाले, दिली? मी म्हणलं, विचारलं. मग तू काय म्हणलीस? मी म्हणलं, नको म्हणलं. त्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली, म्हणाले, मग? मी म्हणलं, मग काय, परत विचारतील. लई हसले, म्हणाले, अगं ही काय पाचोडची पंगत हाय का? मला रागच आला त्यांचा. रोज केस नीट विंचरून जायची, आज बोलावतील, उद्या बोलावतील, अन् एका सकाळी बघते तर त्या खुर्चीवर एक गोव्याची पोरगी बसलेली. पोरगी चांगली होती, तिचा काय दोष. मी कोटांच्या रांगेमागं जाऊन रडले. मला वाटलं, मला बोलावून पानावरून उठवलं.

बरं, तर आमच्या हॉटेलात भांडी घासायला यादगिरी म्हणून करीमनगरकडचा एक होता. त्याच्या बहिणीचं लग्न निघालं, पण हॉटेलात गर्दीचे दिवस, मोरीन मॅडमनं बोलावून विचारलं, तुझी रजा पुढं ढकलली तर चालंल का. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम मॅडम. झालं, रजा पुढं गेली. दुसऱ्या दिवशी खिडकीशी आला, शर्ट घेईना, नुसता उभा. मी म्हणलं, क्या हुआ रे? कुछ नै अक्का. परत म्हणलं, कुछ तो है. नै नै, सब ठीक. मी म्हणलं, मेरेकू नै बताता क्या, अन् तो एवढा बाप्या हमसून हमसून रडायला लागला, एकच बहीण, बाप नाय, कन्यादान यानंच करायचं होतं.

मी तशीच हात पुसत काचेच्या ऑफिसात गेले. मोरीन मॅडम म्हणाली, पण मी त्याला विचारलं होतं. मी म्हणलं, मॅडम, एकदाच विचारलं. आमच्याकडं पहिलं उत्तर खरं नसतं, पहिलं उत्तर मानाचं असतं. ती हळूच म्हणाली, थांब, म्हणजे तूबी? मी म्हणलं, मीबी. अन् शिऱ्याचंबी सांगून टाकलं. बाई हसली हसली, डोळे पुसले, यादगिरीला तिकीट काढून दिलं, अन् म्हणाली, ऑफिसात अजून एक जागा निघायली, आता मी दुसऱ्यांदा विचारते. तिसऱ्याची वाट बघायला मी येडी होते का? व्हय म्हणलं, टेबल धरून म्हणलं.

तिथून मग चढत गेले. कामावरून सुटले की कोर्स करायची, परीक्षा दिल्या, ऑफिसर झाले, अन् मोरीन मॅडम गेली तवा तिची खुर्ची मला मिळाली. सगळं बरोबरच केलं असं नाय, एका फिलिपिनो पोरीला मी रजेचं परत परत विचारलं तर ती चिडून म्हणाली, मॅडम, मी नो म्हणले ना, तुम्हाला ऐकू येत नाय का. तवा कळलं, ज्याची त्याची रीत बघून विचारावं लागतं. इकडं औरंगाबादला मी हॉटेलासाठी पोरं निवडायला यायची तवा आपल्या पोरांना विचारायची, बुफे सांभाळशील का, तर ती म्हणायची, बघू, जमलं तर. मी म्हणायची, अरे लेकरा, गोऱ्या साहेबापुढं असं म्हणशील तर घरी बसशील, इथंच व्हय म्हणायला शीक. माझ्या हातानं गेलेली पोरं आता कुठं कुठं मोठ्या हुद्द्यावर हायेत, दिवाळीला फोन करतात.

माय गेली अन् अण्णा पाचोडला एकटे राहिले. मी फोनवर म्हणलं, अण्णा, मी येऊ का कायमची? म्हणाले, नको, तुझं काम सांभाळ, मला काय धाड भरली. मी म्हणलं, खरंच येऊ का? म्हणाले, नामाकूल, एवढी खुर्ची कुणी सोडतं व्हय. मी म्हणलं, अण्णा, येऊ का? तवा म्हणाले, ये बाई. ज्या खुर्चीसाठी रडले ती मी सोडली. आमचा साहेब लेबनानचा, एकेकाळी माझ्याच हाताखाली तयार झालेला, त्यानंबी मला तीनदा विचारलं, राहतेस का, अन् तिसऱ्या नकोला उठून माझे दोन्ही हात धरले. आम्ही दोघं आलो, अण्णांना हर्सूलला आमच्या घरी आणलं, रोज माझ्या हातचं जेवून ते समाधानानं गेले. त्या खुर्चीचं मला कधी वाईट वाटलं नाय.

आता हेबी नाहीत. लेक मस्कतलाच जन्मला, तिकडंच वाढला, चांगल्या कंपनीत हाय, सून गुणाची हाय, नातवंडं हायेत. दर शुक्रवारी फोन करतो, एक शुक्रवार चुकवत नाय बिचारा. अन् बोलता बोलता विचारतो, आई, इकडं येतेस का राहायला. माझ्या तोंडातून आपसूक निघतं, नको रे, माझं इथं बरं चाललंय. तो म्हणतो, ओके आई. खरं वाटतं त्याला. जगाला शिकवलं मी, अन् पोटच्या पोराला शिकवायचं राहिलं, त्याला मराठी शिकवली, शुभंकरोति शिकवली, अन् हे शिकवावं लागतं हेच ध्यानात आलं नाय. हे असते तर म्हणाले असते, अगं व्हय म्हण की, शिरा काय करायलीस! पण जीभ वळत नाय हो. सुखात राहो लेकरू, दुधातुपात राहो. उद्या शुक्रवारच हाय.