लाल दोऱ्याच्या शेंगा

आत्या : थांब. आधी हातातली शेंग खाली ठेव. कुठून आणल्यास या?

शेफ : तुझ्याच मांडवावरून. सकाळी तू बाजाराला गेली होतीस, म्हणून मीच खुडल्या. काय भरल्यात बघ तरी आत्या, दाणा कसा टपोरा!

आत्या : देठाला लाल दोरा होता?

शेफ : होता की. मला वाटलं, माझ्या हॉटेलासाठी निवडक शेंगांना तू खूण करून ठेवलीस.

आत्या : अगं माझे आई! बियाण्याला राखल्या होत्या त्या!

शेफ : सगळ्या?

आत्या : सगळ्या. बाकीच्या महिनाभर तुझ्याच चुलीवर शिजल्या. मांडवावर आता नुसता पाला डुलतोय. आणि घेवड्याचा हा वाण दुसऱ्या कुणाकडे उरलेला नाही.

शेफ : डब्यात जुनं बी असेल ना तुझ्याकडे?

आत्या : त्याला कीड लागली. सांगायला आले होते मी. तू मुलाखत देत होतीस, जुनं बियाणं कसं जपावं यावर.

शेफ : मार टोमणे, ऐकते मी.

आत्या : सोलल्यास किती?

शेफ : निम्म्या. दाणे उकडूनसुद्धा झाले. आत्या, दुपारी चौदा माणसं येतायत, त्यातले दोघं मासिकातले. तीन वर्षं बोलावतेय त्यांना. येतायत ते या घेवड्यासाठीच.

आत्या : मग शिजव बाई. मी काही तुझा हात धरत नाही.

शेफ : असं तुटक बोलू नकोस गं. उरलेल्यांतलं काही रुजेल का, तेवढं सांग.

आत्या : (टोपली ओढून शेंगा चाचपत) हिरवी कच्ची शेंग गेली, तिचं बी धरत नाही. ही बघ, पिवळट पडलीय, साल चिवट झालीय. हिच्यातलं जगेल. पण सोलायची नाही. सावलीत टांगायची, सालीच्या कुशीत निजल्या निजल्या सुकू द्यायची.

शेफ : पण चवीला त्याच सगळ्यात गोड.

आत्या : मला सांगतेस?

शेफ : ...घे. पिवळ्या सगळ्या तुझ्या.

आत्या : आणि तुझी चौदा ताटं?

शेफ : हिरव्या सोलून घालते. जेवढं होईल तेवढं, माणशी दोन चमचे. मासिकवाल्यांनाही दोनच. का, ते सांगते त्यांना माझ्या गाढवपणासकट.

आत्या : छापतील हो!

शेफ : छापू देत.

आत्या : लहानपणीही अशीच होतीस. कप फुटला की तुकडे ओंजळीत घेऊन माझ्यासमोर उभी.

शेफ : आणि तू आधी माझी बोटं बघायचीस, कापली का म्हणून. ...किती निघाल्या गं?

आत्या : अकरा.

शेफ : अकराच? एवढ्यात मांडव कसा भरायचा?

आत्या : तुझ्या आजीनं मला सासरी धाडताना मुठीत एकच शेंग दिली होती.